मुलांना मुली मिळेनात: इस्लामपूर आणि चीनचं दुखणं एकच कसं?

इस्लामपूरच्या आसपासच्या गावांत घर आहे, बागायती ऊस आहे, दारात ट्रॅक्टर आहे, तरी तिशी ओलांडलेल्या पोराचं लग्न जमत नाही. खापर फुटतं मुलींवर. ‘त्यांना पुण्यात फ्लॅट असलेला नोकरदारच पाहिजे.’ यात थोडं तथ्य आहेच. ज्या आईबापांची स्वतःची शेती आहे, त्यांनाही शेतकरी जावई नको असतो. पण त्याआधी एक साधा हिशोब पाहायला हवा.

2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 851 मुली होत्या. कोल्हापुरात 839. निसर्गतः हा आकडा साधारण 950 असतो. म्हणजे हजारामागे शंभरेक मुली कमी. तीच पिढी आज लग्नाला उभी आहे. त्यात आपल्याकडे नवरी चार-पाच वर्षांनी लहान बघतात. जन्मदर घटत गेल्यामुळे लहान वयोगटात मुली आणखी कमी. यंदा स्थळ मिळालं नाही म्हणून थांबलेला मुलगा पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या रांगेत उभा राहतो आणि रांग वाढत जाते.

चीनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 1980 च्या सुमारास तिथं एक मूल धोरण आलं, ते 2015 पर्यंत टिकलं. अनेक प्रांतांत खेड्यातल्या जोडप्याला पहिली मुलगी झाली तरच दुसऱ्या मुलाची परवानगी मिळे. मुलगी म्हणजे अपुरं कुटुंब, हे सरकारनंच मान्य केल्यासारखं. 2020 च्या जनगणनेत तिथं स्त्रियांपेक्षा सुमारे साडेतीन कोटी पुरुष जास्त निघाले. लग्न न झालेल्या खेड्यातल्या पुरुषांना तिथं ‘ग्वांगगुन’ म्हणतात, म्हणजे पानं-फळं नसलेली फांदी.

सांगलीत अशी कुठलीही सक्ती नव्हती. कुटुंब लहान हवं, त्यात मुलगा हवाच, आणि सोनोग्राफी परवडते, एवढं पुरलं. जमीन मुलाच्या नावावर, म्हातारपण मुलाकडे, ही चाल दोन्हीकडे सारखीच. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा 1994 चा आहे, तरी मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले.

मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, असं अनेकांना वाटतं. किंमत वाढते खरी, पण ती रुपयांत. चीनमध्ये वरपक्षानं द्यायची ‘त्साइली’ ही रक्कम इतकी फुगली की सरकारला त्याविरुद्ध मोहिमा काढाव्या लागल्या. उलट शहरातल्या शिकलेल्या, अविवाहित स्त्रीला ‘शेंगन्यू’, म्हणजे ‘उरलेली बाई’, असं नाव पडलं. आपल्याकडे लग्नाचा खर्च मुलाकडचे उचलू लागले, एजंट आले, लांबच्या जिल्ह्यातून नवरी आणणं आलं आणि लग्नानंतर दागिन्यांसह पसार होणाऱ्या टोळ्याही आल्या.

डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. सोशल मीडियावर त्यांची भरपूर टिंगल झाली. त्यांची एक मागणी मात्र गर्भलिंगनिदान कायदा नीट राबवा, ही होती.

2011 च्या जनगणनेत सांगलीचा आकडा 867 पर्यंतच चढला होता. त्या वेळची बालवाडीतली पोरं आता लग्नाच्या वयात येऊ लागली आहेत.