कोलेस्टेरॉल कमी आलं म्हणून खूश होऊ का? आतड्याची सूज आणि लिपिड प्रोफाइल

एका श्रोत्याने दोन लिपिड प्रोफाइल पाठवलेत. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. पहिला रिपोर्ट फ्लेअर जोरात असतानाचा, एलडीएल ६२. दुसरा टोफासिटिनिब सुरू करून दोन महिने झाल्यावरचा, एलडीएल ९८. पोट आता शांत आहे, वजन भरतंय. प्रश्न एका ओळीचा: "दादा, गोळीने कोलेस्टेरॉल वाढवलं, बंद करू का?"

अरे, नको. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तर अजिबात नको. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा आजार मलाही आहे, त्यामुळे हे आकडे बरीच वर्षं बघतोय.

आयबीडी म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. (आयबीएस वेगळं, त्यात आतड्याला अशी सूज नसते.) ही सूज पोटापुरती राहत नाही. सुजेचे रासायनिक निरोप रक्तातून लिव्हरपर्यंत जातात आणि चरबीचा सगळा कारभार बदलतो. एकूण कोलेस्टेरॉल उतरतं, एलडीएल उतरतं. ज्याला आपण ‘चांगलं’ म्हणतो ते एचडीएलही उतरतं, आणि जे उरतं त्याच्या कणांवर सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रोटीन येऊन बसतं, त्यामुळे त्याचं कामही नीट होत नाही. ट्रायग्लिसराइड्स मात्र बऱ्याचदा वाढतात. वर जेवण तुटलेलं असतं ते वेगळंच.

म्हणजे ६२ हा आकडा तब्येतीचा नव्हता, सुजेचा होता. सर्व्हर डाऊन असताना डॅशबोर्डवर लोड कमीच दिसतो, तसं. आणि अॅपवर तोच आकडा हिरव्या रंगात येतो!

गंमत नाही ही. आयबीडी असलेल्यांचं एलडीएल अनेकदा इतरांपेक्षा कमी असतं, तरी हार्ट अॅटॅक आणि स्ट्रोकचा धोका थोडा जास्तच आढळतो, विशेषतः आजार उसळलेला असताना. आमवातातही हेच दिसतं. डॉक्टर याला लिपिड पॅराडॉक्स म्हणतात. कारण रक्तवाहिनी फक्त कोलेस्टेरॉलने खराब होत नाही, सुजेनेही होते.

क्रोन्सवाल्यांसाठी आणखी एक भानगड. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. (आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते हे नाही, ती अॅसिडिटी.) ही पित्ताम्लं चरबी पचवायला आतड्यात उतरतात आणि त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे इलियममध्ये, परत शोषली जातात. क्रोन्सचा आवडता अड्डा नेमका तोच. तिथे सूज असेल किंवा तो भाग कापून काढला असेल, तर पित्ताम्लं शौचावाटे निघून जातात. मग लिव्हर रक्तातलं एलडीएल ओढून नवीन बनवत बसतं, आणि एलडीएल घसरतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या हेन्री बुखवाल्ड या सर्जनने १९६३ मध्ये हेच मुद्दाम करून पाहिलं: कोलेस्टेरॉल कमी करायला इलियमचा तुकडा बायपास केला. पुढे ८३८ जणांवर मोठी चाचणी झाली, ती १९९० मध्ये छापून आली. एलडीएल खरोखर एक तृतीयांशापेक्षा जास्त उतरलं होतं. जुलाबाचा त्रासही आलाच.

आता गोळीकडे. टोफासिटिनिबने एलडीएल आणि एचडीएल दोन्ही वाढतात, म्हणून सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांत लिपिड तपासायला सांगतात. त्यातली काही वाढ म्हणजे सूज ओसरून आकडा जागेवर येणं. पण सगळं तेवढ्यावर ढकलू नका. आमवाताच्या, ५० वर्षं आणि त्यावरच्या, हृदयविकाराचा आधीच धोका असलेल्या पेशंट्समध्ये या गोळीने हृदयाचे त्रास जास्त दिसले आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यावरून कडक इशारा दिला. म्हणून वय, सिगारेट, बीपी, शुगर, घरात कोणाला लवकर हार्ट अॅटॅक आला होता का, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. स्टेरॉइड चालू असेल तर तेही, कारण स्टेरॉइडनेही लिपिड वर जातात. गरज पडलीच तर स्टॅटिन जोडता येतं. कोलायटिसची गोळी सोडणं हा पहिला उपाय नाही. ती अचानक सोडली आणि फ्लेअर परतला, तर एलडीएल परत सुंदर दिसेल आणि तुम्ही बाथरूममध्ये असाल.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक लिपिड रिपोर्टच्या बाजूला त्याच आठवड्याचा सीआरपी, वजन आणि चालू औषधं लिहून ठेवतो. तुलना शांत काळातल्या रिपोर्टशी शांत काळातलाच रिपोर्ट लावून.

आणि जाता जाता, माझ्यासारख्या किडेवाल्यांसाठी: बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, काढतात. एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग. फ्रीडवाल्डचं १९७२ चं सूत्र. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की ते चालत नाही. तेव्हा डायरेक्ट एलडीएल मागून घ्या.