कॅज्युअल्टीतला नंबर

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, कल्याणचे रुक्मिणीबाई की डोंबिवलीचे शास्त्रीनगर; गर्दीच्या कॅज्युअल्टीबाहेर एक प्रश्न कुठेही ऐकू येईल: ‘आम्ही आधी आलो, मग त्यांना आत कसं घेतलं?’ ओळख लावली असणार, हा संशय पाठोपाठ येतोच.

ओपीडीत केसपेपरच्या क्रमाने नंबर लागतो. कॅज्युअल्टीत तो ट्रायाजने (तातडीनुसार रुग्णांची वर्गवारी) लागतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी हुद्दा बाजूला ठेवून जखमेची गंभीरता आधी पाहिली, तिथपासून ही पद्धत रुजली. मेल गाडीला वाट द्यायला लोकल सिग्नलला थांबते, तसेच हे. लोकल रद्द झालेली नसते.

तातडी आवाजावरून ठरत नाही. मनगट मुरगळलेला तरुण विव्हळत असतो. शेजारी घामाने भिजलेले, छातीवर हात ठेवलेले आजोबा गप्प असतात. नर्स बोटाला क्लिप लावून ऑक्सिजन पाहते, नाडी आणि रक्तदाब मोजते आणि आजोबांना आधी आत पाठवते.

अर्थात, कारण न सांगता ताटकळत ठेवणे हा ट्रायाजचा भाग नव्हे. ‘एक गंभीर रुग्ण आलाय, तुम्हाला थोडा वेळ लागेल’ एवढे सांगितले तरी निम्मा वैताग ओसरतो. त्याला ना यंत्र लागते, ना निधी.

ही वर्गवारी कायमची नसते. थांबलेल्या रुग्णाला धाप लागली, गुंगी आली किंवा दुखणे वाढले, तर नंबराची वाट न पाहता नर्सला लगेच सांगावे. तपासणी पुन्हा होते आणि क्रमही बदलू शकतो.