शाळेचे कुंपण आणि पालकांचा अधिकार

मूल शाळेच्या फाटकातून आत गेले की त्याच्या जीविताची जबाबदारी शाळेकडे जाते. ही जबाबदारी नेमकी कोणती, ती मोजावयाची कशी आणि ती पार पडली नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, हे पालकांचे प्रश्न रास्त आहेत. मराठवाड्यात तर ते टाळताच येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे हीच त्यांच्या मृत्यूला कारण झाली. वेळ पहाटेची होती म्हणून शाळा रिकाम्या होत्या. हा योगायोग होता, व्यवस्थेची दक्षता नव्हे. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेड, हिंगोली, परभणीत जाणवले; तेही सकाळीच. पडझडीला भूकंपच लागतो असेही नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून ७ विद्यार्थी दगावले. ज्या भागात निजामकालीन शाळा-इमारती अजून उभ्या आहेत, तेथे या वार्तेकडे परक्याचे दुःख म्हणून पाहता येणार नाही.

दुसरे भय इमारतीचे नाही, माणसाचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नाही, तेव्हा २० ऑगस्टला संतप्त पालक व नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. दुसऱ्याच दिवशी शासनाने आदेश काढला: शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. यांतील काही गोष्टी पूर्वीच्या आदेशांतही होत्या. त्या अमलात आणण्यासाठी लोकांना रुळांवर बसावे लागावे, हीच खरी शोकांतिका होय.

नियमांचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. २००४ साली कुंभकोणमच्या शाळेतील आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि भिंत अथवा कुंपण बंधनकारक केले. गुरुग्राममध्ये २०१७ साली शाळेतच एका बालकाची हत्या झाल्यावर त्याचे वडील सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या लढ्यातूनच केंद्राची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि उत्तरदायित्व शाळा व्यवस्थापनावर ठेवले गेले.

उणीव आहे ती पडताळणीची. कॅमेरा भिंतीवर लावला की मानक पूर्ण झाले, अशी समजूत रुजू पाहते आहे. परंतु विजेविना कॅमेरा आंधळा असतो आणि त्याचे चित्रण कोणी पाहिलेच नाही तर तो मुका असतो. तो फार तर घडलेला गुन्हा दाखवील. पडके छत सावरणार नाही, कडी नसलेल्या स्वच्छतागृहाला कडी लावणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांकडे पैसा नाही, हा आक्षेप खोटा नाही. मात्र कुंपणाला निधी लागत असला, तरी कोणत्या खोलीत वर्ग भरवू नये हे लिहून देण्यास निधी लागत नाही. अभियंत्याचा प्रामाणिकपणा लागतो.

म्हणून पालकांची मागणी एकच असावी: प्रत्येक शाळेची वर्षातून एकदा पाहणी व्हावी आणि इमारत, अग्निशमन साधने, विजेची जोडणी, कुंपण व कर्मचारी पडताळणी यांचा सही-शिक्क्याचा अहवाल शाळेच्या फलकावर लागावा. या मागणीला कायद्याचे बळ आहे. शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे कर्तव्यच आहे. त्या आराखड्यात दुरुस्तीची मागणी लिहिली गेली तर ती कागदोपत्री उरते आणि नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते. विनाअनुदानित शाळांत हेच काम पालक-शिक्षक संघांनी अंगावर घ्यावे.

कोऱ्या कागदावर सही करून घरी परतणारी समिती मात्र कोणाचेच रक्षण करीत नाही. दुर्घटनेनंतर चौकशी नेमणे शासनाला सोपे जाते. दुर्घटनेपूर्वी प्रश्न विचारणे पालकांना जड जाते. नांदेड-लातूरच्या पालकांनी हा जड मार्ग पत्करला पाहिजे. पुढचा धक्का पहाटेच बसेल, याची हमी कोणीही दिलेली नाही.