बियाणे आपले, हक्क आपला. पण नोंद कुठे आहे?

घरच्या ढोलीतले धान पुढच्या हंगामाला बियाणे म्हणून काढून ठेवले, त्यातले दोन पायली शेजाऱ्याला दिले आणि उरलेले सोयऱ्याच्या गावी विकले, तर तो गुन्हा होतो काय? शेतीशाळेत हा प्रश्न हमखास निघतो. परवा एका गावी बांधीच्या धुऱ्यावर बसून बोलणे चालले होते. एक बुजुर्ग म्हणाले, "साहेब, बिजाई आता पॅकबंदच घ्या लागते म्हणतात. घरची पेरली त कंपनी केस ठोकते." त्यांच्या बाजूला बसलेले दुसरे उसळून म्हणाले, "केस कसची ठोकते? बिजाई माझ्या बापाची आहे!" दोघांचे ऐकून घेतले. पहिल्यांची भीती कायद्याला धरून नाही, पण ती अगदीच हवेतलीही नाही. दुसऱ्यांचा हक्क पक्का आहे, पण बापाची बिजाई होती हे दाखवायला त्यांच्याकडे काय आहे, हा सवाल उरतोच.

ही भीती जुनी आहे. १९९१ च्या अखेरीस गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल यांचा मसुदा आला, तेव्हा गावोगाव सभा झाल्या, मोर्चे निघाले. आता घरचे बी पेरता येणार नाही, असे लोक चावडीवर बोलत. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. तिच्या बौद्धिक संपदेच्या करारात एक अट अशी की, पिकांच्या वाणांना प्रत्येक देशाने संरक्षण दिलेच पाहिजे. मात्र ते पेटंटने द्या, स्वतःच्या वेगळ्या कायद्याने द्या किंवा दोन्ही मिळून द्या, ही मोकळीक ठेवली. आपल्या देशाने वेगळ्या कायद्याची वाट धरली. पेटंट कायद्यात बियाणे, झाडे आणि वाण यांना पेटंट मिळणार नाही असे स्पष्ट लिहिले आणि २००१ साली वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. नावातच शेतकरी हक्क आहे, हे ध्यानात घ्या. वाण तयार करणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत (झाडे व वेलींसाठी अठरा) मक्ता देणारा आणि त्याच कागदावर शेतकऱ्याचा हक्क एवढ्या मोकळ्या शब्दांत लिहिणारा कायदा जगात फार थोड्या देशांत सापडेल.

त्यातले कलम ३९ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावे असे आहे. संरक्षित वाण असले तरी शेतकऱ्याला त्याचे बी राखता येते, पेरता येते, पुन्हा पेरता येते, अदलाबदल करता येते, देता येते आणि विकताही येते. एकच मनाई आहे: ब्रँडेड बियाणे म्हणून विकायचे नाही. म्हणजे पिशवीत भरून, लेबल लावून, वर त्या संरक्षित वाणाचे नाव छापून विकले तर अडचण येईल. उघड्या पोत्यातले, घरून दिलेले बी चालते. मात्र दुकान मांडून धंदा करायचा तर बियाण्याचा परवाना लागतो, तो कायदा निराळा. आणि परवानगी नसलेल्या चोर बीटीला यातले कोणतेही कलम वाचवत नाही, ते कृपा करून मनात आणू नका.

मग केस ठोकतात हे कुठून आले? ते आले गुजरातेतून.

बटाट्याचा खटला

पेप्सिको कंपनीचे एफएल २०२७ नावाचे बटाट्याचे वाण आहे, एफसी ५ या नावानेही ते ओळखले जाते. चिप्ससाठी लागणारे हे वाण कंपनीने वरील कायद्याखाली २०१६ साली नोंदवले. कंपनीची पद्धत अशी की, बियाणे करारातल्या शेतकऱ्याला द्यायचे आणि माल आपणच घ्यायचा. पण बटाटा काही करार वाचून उगवत नाही. तो करारापलीकडच्या शेतातही गेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की, साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर कंपनीने दावा लावला असून प्रत्येकाकडून १ कोटी ५ लाख रुपयांची भरपाई मागितली आहे. तीन-चार एकरवाल्या माणसाकडून कोटीची भरपाई! अहमदाबादच्या न्यायालयाने या शेतकऱ्यांना ते वाण लावण्यास तात्पुरती मनाईही केली. मग कंपनीने तडजोड पुढे केली: आमचे बियाणे घ्या, आम्हालाच माल द्या, नाहीतर हे वाण लावणार नाही असे लिहून द्या.

देशभर ओरड झाली. शेतकरी संघटना उठल्या, कलम ३९ प्रत्येकाच्या तोंडी आले आणि २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पण दावे मागे घेतल्यामुळे कलम ३९ चा अर्थ त्या खटल्यात न्यायालयाकडून ठरायचा राहूनच गेला. मला विचाराल तर ही गोष्ट दाव्यांपेक्षाही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे कविता कुरुगंटी यांनी अर्ज करून या वाणाच्या नोंदणीलाच आव्हान दिले. ३ डिसेंबर २०२१ रोजी प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. कारणांत मोठे कारण हे की, अर्जात वाणाच्या पहिल्या विक्रीची तारीख चुकली होती आणि हक्काची कागदपत्रे पुरी नव्हती. एवढी मोठी कंपनी, वकिलांची फौज पाठीशी, आणि अडकली कशात, तर अर्जातल्या तारखेत! जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी हा निर्णय कायम केला, तर जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे पाच वर्षे भांडण चालले ते बटाट्याच्या चवीवर किंवा गुणावर नव्हे, कागदावर चालले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या.

नांदेडचे दादाजी

एचएमटी तांदूळ कोणी खाल्ला नाही? चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया तर सोडाच, शेजारच्या राज्यांतही हे धान पोहोचले. ते निवडले आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबी निराळ्या दिसल्या. आपल्यापैकी अनेकांना दिसतात, आपण भेसळ म्हणून उपटून फेकतो. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि पाच-सहा वर्षे नेटाने निवड करत बी वाढवले. दाणा बारीक, शिजवल्यावर वास चांगला. त्यांच्याकडून बी नेलेल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा माल १९९० च्या सुमारास बाजारात गेला. वाणाला नाव नव्हते. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव ठेवले. बघा, नावसुद्धा दुसऱ्यानेच ठेवले!

१९९४ साली कृषी विद्यापीठाच्या माणसांनी दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ साली शुद्धीकरण करून पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित झाले. आपल्याला श्रेय मिळाले नाही ही दादाजींची तक्रार अखेरपर्यंत होती. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला, २०१० साली फोर्ब्स मासिकाने नाव छापले, आणि घरची ओढाताण तशीच राहिली. ३ जून २०१८ रोजी ते गेले. लाखो एकरांवर त्यांचे धान उभे असताना उपचाराला पैशाची अडचण आली, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचले आहे.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पटेल-३ हे वाणसुद्धा जबलपूरच्या एका शास्त्रज्ञाच्या कष्टाचे होते. बियातून बी निघते, त्यावर कोणा एकाचा सातबारा नसतो, हे मी मान्य करतो. म्हणूनच २००१ च्या कायद्यात संरक्षित वाण घेऊन त्यापासून नवे वाण काढण्याची मुभा शास्त्रज्ञाला व शेतकऱ्याला सारखीच ठेवली आहे. पण १९८३ ते १९९८ या काळात दादाजींना नाव नोंदवायला असा कायदाच नव्हता. आज तो आहे. शेतकऱ्याने निवडलेले किंवा गावाने पिढ्यान् पिढ्या जपलेले वाण शेतकरी वाण म्हणून नोंदवता येते. त्याला नोंदणीची फी नाही. एकटा शेतकरी करू शकतो, गटाने करता येते, अख्ख्या गावानेही करता येते. वेगळेपणा, सारखेपणा आणि टिकाऊपणा यांची परीक्षा होते खरी, पण शेतकरी वाणाला तीत सवलत आहे.

कागदाची किंमत किती, यासाठी हळदीचे उदाहरण पुरे आहे. जखमेवर हळद लावावी हे आपल्या आजीला ठाऊक होते, पण १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोघांना त्याचे पेटंट मिळाले. डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने ते १९९७ साली रद्द करून घेतले. आजीच्या सांगण्याने तेथे काम भागले नसते. जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातला छापील लेख पुढे ठेवावा लागला.

बीटी कापसाचे गणित थोडे वेगळे. वाण पेटंट होत नाही, पण त्यात घातलेल्या जनुकावर कंपनीने पेटंट घेतले आणि २००२ पासून प्रत्येक पाकिटामागे त्याचे शुल्क वसूल झाले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या वर आपण मोजले आहेत. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले, तेव्हा भाव साडेसातशेवर आला. जनुकाचे शुल्क पुढे कमी होत २०२० साली शून्य झाले. पण संकरित बियाणे असल्याने सरकीपासून पुढच्या वर्षी तसे पीक येतच नाही. तेथे घरचे बी राखायचा हक्क असून नसल्यासारखा आहे. धान, तूर, हरभरा, सोयाबीन यांचे सरळ वाण असते, म्हणून तेथेच हा हक्क जपण्यात अर्थ आहे.

आणि तो कायम असाच राहील, हे गृहीत धरू नका. श्रीमंत देश व्यापाराच्या बोलणीत आपल्याला युपोव्ह नावाच्या संघटनेत या म्हणतात. तिच्या १९९१ च्या नियमांत घरचे बी स्वतःच्या शेतात पेरण्याची सूट देणे न देणे सरकारवर सोडले आहे, तेही मर्यादेत. शेजाऱ्याला विकायची तर गोष्टच नाही. भारत आजवर तिचा सभासद झालेला नाही. उद्या दिल्लीत कोणी विचारले की तुमचे शेतकरी खरोखर बियाणे जपतात काय, तर दाखवायला गावागावांत काहीतरी लिहिलेले असावे.

येथे सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांशी दोन शब्द बोलायचे आहेत. (हुद्द्याचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. शेतकरी वाणाच्या अर्जावर ज्यांचे साक्षांकन चालते त्यांत या समितीचे अध्यक्ष किंवा सचिव आहेत, जिल्हा कृषी अधिकारी आहेत, विद्यापीठाचे संशोधन संचालक आहेत. म्हणजे सही तुमच्या कपाटाशेजारीच होऊ शकते. पण नोंदवही उघडून पाहा. मी पाहिलेल्या काही वह्यांत वड, पिंपळ, मोर, ससा एवढेच आहे. एका वहीत तर आपल्या तालुक्यात कधी न दिसलेला पक्षी सापडला, कुठूनतरी उतरवलेला. चिन्नोर, लुचई, हिरानक्की, दुबराज यांपैकी गावात काय उरले आहे, कोणाच्या बांधीत आहे, कोणत्या घराण्याने किती वर्षे धरले, याची ओळ नाही. येत्या ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा. बचत गटाच्या बायांना बोलवा. ढोलीतले बी कोणते हे घरच्या बाईला जेवढे माहीत असते तेवढे कारभाऱ्यालाही नसते.

विकतचे बी घेणाऱ्यांसाठीही त्या कायद्यात एक गोष्ट आहे. संरक्षित वाण किती उत्पन्न देईल हे विकणाऱ्याने सांगायचे असते आणि तेवढे आले नाही तर शेतकऱ्याला प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी बिल, पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि चिमूटभर बी जपून ठेवा. पाकिटे रोवणीच्या दिवशीच नालीत गेलेली असतात आणि तक्रार घेऊन लोक दिवाळीला आमच्याकडे येतात.

ज्यांच्याकडे वेगळे वाण आहे त्यांनी साधी शंभर पानी वही घालावी. पऱ्हे टाकल्याची तारीख, रोवणी, निसवण्याचा दिवस, झाडाची उंची, लोंबीची लांबी, दाण्याचा रंग, कुसळ आहे की नाही, कापणी, बी कोणाकडून आले आणि कोणाला दिले, एवढे लिहा. दहा-पंधरा निवडक लोंबी जुडी बांधून, चिठ्ठी लावून कोरड्या डब्यात ठेवा. वाण नोंदणीचे शाखा कार्यालय पुण्यात आहे, अर्ज भरायला आम्ही मदत करू. फक्त एक विनंती आहे: आम्हाला धान बांधीत उभे असताना बोलवा. पुंजणे रचून झाल्यावर कळवले तर निसवण, उंची, पानाचा रंग यातले काहीच पाहायला उरत नाही आणि वर्ष वाया जाते.