टोमॅटो : रोपवाटिकेत ठरणारे पीक

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहती मागे टाकून दुर्गमार्गे उत्तरेस धमध्याकडे निघाले, की भाताच्या बांध्यांमधून टोमॅटोचे बांबू आणि तारा दिसू लागतात. छत्तीसगडी बोलीत ज्याला ‘पताल’ आणि वऱ्हाडीत ‘भेदरे’ म्हणतात, त्या या फळाचे दुर्ग जिल्हा हे छत्तीसगडातील एक प्रमुख आगार आहे. येथील माल परराज्यांतील बाजारांतही जातो. लागवडी एकामागून एक चालू राहतात, म्हणजे शेजारच्या बांधावर कोठे ना कोठे टोमॅटो उभाच असतो. किडींच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की त्यांना उपवास घडत नाही.

या पट्ट्यात विस्तार कार्यकर्त्यांना सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘पाने गोळा झाली, आता काय फवारू?’ बहुधा तो पुनर्लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी विचारला जातो. पर्णगुच्छ (बोकड्या) हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. विषाणू झाडात शिरल्यावर लक्षणे दिसण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणजे पंचविसाव्या दिवशी चुरडलेले झाड हे रोपवाटिकेत किंवा लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच बाधित झालेले असते. त्या झाडाला बरे करणारे कोणतेही औषध नाही. शिवाय विषाणूवाहक माशीला तो झाडात सोडण्यास काही मिनिटांचे शोषण पुरते. कीटकनाशकाने ती मरते, पण अनेकदा आपले काम उरकून मरते.

म्हणून खर्चाची पहिली जागा फवारणी पंप नव्हे, तर रोपवाटिकेची जाळी होय. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असते. सावलीसाठी वापरली जाणारी हिरवी शेडनेट तिला अडवीत नाही. त्यासाठी ४० ते ५० मेशची कीटकरोधक नायलॉन जाळीच हवी, कडा मातीत गाडलेल्या आणि दार दुहेरी. वाफ्याऐवजी प्रो-ट्रेमध्ये निर्जंतुक कोकोपीटवर रोपे वाढविल्यास कोलमड रोगही आटोक्यात राहतो आणि लावणीत मुळे तुटत नाहीत. जाळीच्या आत एक-दोन पिवळे चिकट सापळे टांगावेत. त्यावर माशा दिसू लागल्या, की जाळी कोठेतरी फाटली आहे असे समजावे. लावणीपूर्वी रोपांच्या मुळांशी शिफारशीत आंतरप्रवाही कीटकनाशकाची आळवणी केल्यास पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे संरक्षण मिळते. रोपे विकत घेताना मात्र वाणाच्या नावाइतकीच जाळीचीही चौकशी करावी. ती फारसे कोणी करीत नाही.

रोपे २५ दिवसांची, ताठ आणि चार-पाच पानांची असावीत. लांबुडकी, पिवळसर रोपे स्वस्त मिळाली तरी ती नाकारावीत.

भारी कन्हार जमिनीत, विशेषतः पावसाळी लागवडीत, दुसरे संकट जिवाणूजन्य मर रोगाचे. झाड हिरवे असतानाच एकाएकी मान टाकते. खात्री करण्याची रीत सोपी आहे : बुडख्याजवळील खोडाचा ताजा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात धरावा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर मर जिवाणूजन्य आहे. बुरशीनाशके ओतून येथे काहीही साधत नाही. भातानंतर टोमॅटो घेतल्यास रोगाचा जोर कमी राहतो, कारण साचलेल्या पाण्यात हा जिवाणू बराच क्षीण होतो. वांगी, मिरची किंवा बटाट्यानंतर मात्र टोमॅटो टाळावा. प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर बांधलेली कलमी रोपे छत्तीसगडात चांगली रुजली आहेत आणि मर रोगापुरता तो खरोखर उत्तम उपाय आहे. पण कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. मातीची भर देताना तो झाकला गेला, तर वरच्या टोमॅटोलाच मुळे फुटतात आणि खुंटासाठी मोजलेला पैसा वाया जातो. तसेच कलमी रोपाला पर्णगुच्छ होत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन्ही रोगांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का रक्षक’सारख्या बहुरोग-प्रतिकारक संकरित वाणाचा विचार करावा.

पीक फुलोऱ्यात आल्यावर फळ पोखरणारी अळी येते. टोमॅटोच्या दर १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ हा जुना, कसोटीस उतरलेला उपाय आहे. मात्र झेंडूचे रोप ४० ते ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोघांचा बहर जुळतो. एकाच दिवशी पेरलेला झेंडू नुसती शोभा देतो. अळ्या लहान असतानाच हेक्टरी २५० एलई एचएएनपीव्ही सायंकाळी फवारावे. उन्हात हा विषाणू टिकत नाही.

टुटा ही दक्षिण अमेरिकेतील नागअळी भारतात प्रथम २०१४ मध्ये पुण्याजवळ आढळली. साध्या नागअळीची रेघ पानावर नागमोडी व बारीक असते, टुटाचा डाग मात्र पसरट व पारदर्शक असतो आणि ती देठाजवळून फळातही शिरते. कामगंध सापळ्यातील ल्युअर दोन्ही किडींसाठी वेगळा असतो, हे खरेदी करताना पाहून घ्यावे. पानांवर हिरवा, चपळ, बारीक ढेकूण दिसला, तर घाईने फवारू नये. तो कोवळ्या शेंड्यावर तपकिरी कडी पाडतो हे खरे, पण टुटाची अंडी आणि पांढऱ्या माशीची पिल्लेही खातो. माझ्या मते या भागात त्याची बदनामी त्याच्या अपराधापेक्षा मोठी आहे.

तोडणी सुरू झाली, की फवारणीचे गणित बदलते. तोडा तीन-चार दिवसांनी होतो, म्हणून लेबलवर सात किंवा अधिक दिवसांचा प्रतीक्षा काळ लिहिलेले औषध या टप्प्यात बसतच नाही. दूरच्या बाजारासाठी फळाच्या तळाशी गुलाबी झाक येताच तोडावे. भिलाई-दुर्गच्या बाजारासाठी पूर्ण रंगलेले चालते. किडकी फळे बांधावर न फेकता खोल पुरावीत.

आणि भाव कोसळतात तेव्हा? तोडणीची मजुरीही निघेनाशी झाली, की उभे शेत तसेच सोडले जाते. त्यामागील अडचण खरी आहे. परंतु सोडलेला एक एकर आठवडेच्या आठवडे पांढरी माशी, टुटा आणि विषाणू पोसतो आणि वारा ते सारे शेजारच्या नव्या लागवडीवर नेतो. विस्तार कार्यकर्त्यांनी गावपातळीवर एवढे ठरवून घ्यावे : शेवटच्या तोड्यानंतर आठ दिवसांत झाडे उपटून पुरावीत किंवा नांगरावीत, बांबू-सुतळ्या वेगळ्या काढून उन्हात टाकाव्यात, आणि जवळच्या रोपवाटिकेत नवे बी पडण्यापूर्वी हे काम उरकलेले असावे.