'माटुंगा' लिहायला सात कळा

कॉम्प्युटरवर मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू करा आणि इंग्रजी कळा या क्रमाने दाबा: सी, ई, एकेरी अवतरणचिन्ह, जी, एक्स, आय, ई. पडद्यावर 'माटुंगा' हजर! शिफ्टला बोटही लावावं लागत नाही. 'शाळा'ला मात्र कळा चारच, पण शिफ्ट दोनदा. म, काना, ट, उकार, अनुस्वार, ग, काना; अक्षर जसं उच्चारायचं तसंच टंकायचं. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, इथे आधी क आणि मग वेलांटी. पहिल्यांदा सगळेच तिथे अडखळतात.

खरी गंमत पुढेच आहे. 'के'च्या कळेवर क. आता गुजराती निवडा, त्याच कळेवर गुजराती क. तमिळ निवडा, तिथेही क! १९८६ साली सरकारने प्रमाण ठरवलेला हा आराखडा भारतीय लिप्यांसाठी एकच ठेवला गेला. एकाच जिन्यावर मराठी, तमिळ, गुजराती, कच्छी, कानडी कानावर पडणाऱ्या मुंबईच्या माटुंग्यातल्या प्रत्येक शाळेत हे मुलांना करून दाखवायला हवं. शेजारच्या मित्राची लिपी परकी वाटेनाशी होते.

शाळेत कॉम्प्युटर आला कधी? केंद्र सरकारची 'क्लास' योजना १९८४ची. तेव्हा आले ते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो'. स्मरणशक्ती अवघी ३२ केबी. आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावला नसता. चपला बाहेर काढायच्या, यंत्रावरचं कापड सरांनीच उचलायचं आणि एका पडद्यासमोर चार डोकी, हे त्या पिढीला पक्कं आठवतं. त्याच एकॉर्नच्या माणसांनी १९८५मध्ये 'आर्म' नावाची चिप बनवली. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोन तिच्याच वंशातल्या चिपवर चालतो. म्हणजे शाळेतलं ते यंत्र खिशातल्या फोनच्या नात्यातलंच!

पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांत २०१५ साली आठवीच्या मुलांच्या हाती टॅब आले, अभ्यासक्रम आत भरलेलाच.

तिकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले. २०२०मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला या सगळ्यात सर्वांत मोठी बातमी हीच वाटते.

हा क्यूआर कोड मुळात शाळेसाठी नव्हताच. १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तो तयार झाला. आज माटुंग्यात गजरेवालीच्या टोपलीशेजारी टांगलेला तो काळा-पांढरा चौकोन आणि तिच्या मुलीच्या मराठीच्या पुस्तकातला चौकोन, दोघे सख्खे भाऊ.