कबर, जाळी आणि फलक

मार्च २०२५ मध्ये खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीच्या बाजूंना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पत्रे ठोकले आणि तारेचं कुंपण घातलं. बाहेर पोलिसांचा पहारा बसला. त्याआधीच्या महिन्याभरात काय काय घडलं ते वाचकांना आठवत असेल. १४ फेब्रुवारीला संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला, थिएटरांतून लोक डोळे पुसत आणि मुठी आवळत बाहेर पडले. मार्चच्या सुरुवातीला आमदार अबू आझमी यांनी औरंगजेबाची भलामण केली आणि त्यांना अधिवेशन संपेपर्यंत निलंबित करण्यात आलं. खासदार उदयनराजे भोसले यांनी कबर उखडून टाकण्याची मागणी केली. आमचीही तीच इच्छा आहे, पण काँग्रेसच्या काळात ती जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली गेली असल्याने कायद्याने चालावं लागेल, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. १७ मार्चला, तिथीने येणाऱ्या शिवजयंतीच्या दिवशी, विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने राज्यभर आंदोलन केलं. त्या रात्री दंगल उसळली ती खुलताबादला नव्हे, तर पाचशे किलोमीटरांवरच्या नागपुरात. त्यात एकाचा जीव गेला.

पत्र्यांआड नेमकं काय आहे, हे त्या महिन्यात हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं असेल याची मला शंका आहे. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की तिथे पाहण्यासारखं फारसं काही नाहीच. दर्ग्याच्या आवारातल्या एका कोपऱ्यात मातीची कबर, वर सबज्याचं रोपटं, त्यावर उघडं आकाश. घुमट नाही, मिनार नाही. इथून पंचविसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर शहरात, याच माणसाच्या बेगमेचा, दिलरास बानूचा मकबरा आहे. तो पाहून इथे आलेला पर्यटक हमखास विचारतो, ‘एवढंच?’

एवढंच, कारण त्याला एवढंच हवं होतं. १६८१ मध्ये अजमेर सोडून औरंगजेब दक्षिणेकडे निघाला तो पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, वयाच्या ८८व्या वर्षी त्याने प्राण सोडला. तिथून शंभराहून अधिक किलोमीटर मृतदेह आणून तो चौदाव्या शतकातले सूफी शेख झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यात पुरला, तोही त्याच्याच इच्छेप्रमाणे. टोप्या शिवून मिळवलेल्या १४ रुपये १२ आण्यांत कफन आणि कबर उरकावी, कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये गरिबांत वाटावेत, असं त्याने सांगून ठेवल्याची कथा तिथे आजही सांगितली जाते. रौझा नावाच्या त्या गावाला पुढे खुलताबाद हे नाव पडलं ते बादशहाच्या ‘खुल्द-मकान’ या मरणोत्तर किताबावरून. आता त्याचंही रत्नापूर करण्याची चर्चा आहे.

मग कबरीभोवतीची ती पांढरी संगमरवरी जाळी कुठून आली? लॉर्ड कर्झन येऊन गेला आणि हिंदुस्थानच्या बादशहाची कबर इतकी साधी पाहून त्याला ते खटकलं, असं सांगतात. हैदराबादच्या निजामाने १९२१ मध्ये ती जाळी बसवली. म्हणजे या जागेवर जो काही थोडासा थाट आहे, तो मुघल नाहीच. मेलेल्या बादशहाचा मान राखण्याची हौस त्याच्या वारसांना नव्हे, दोनशे वर्षांनंतरच्या राज्यकर्त्यांना होती.

या तपशिलात एक गंमत दडलेली आहे. ३० मार्च २०२५ च्या गुढीपाडवा मेळाव्यात राज ठाकरे यांनी मांडलेला मुद्दा असा होता की कबरीची सजावट काढून टाका, नुसती कबर ठेवा, आम्हाला संपवायला आलेल्याला आम्ही इथे गाडलं असा फलक लावा आणि शाळेच्या सहली तिथे न्या. यातला पहिला भाग, सजावट काढण्याचा, औरंगजेबाच्या इच्छेशी अक्षरशः जुळतो. त्याच्या कबरीची जास्तीत जास्त अवहेलना कशी करावी याचा विचार करता करता आपण त्याच्या शेवटच्या इच्छेपर्यंत येऊन पोचतो. साधेपणालाही राजकारण असतं आणि त्याने ते पक्कं करून ठेवलं होतं.

आता मूळ प्रश्न. इतिहासातल्या वादग्रस्त गोष्टी चौकात असाव्यात की वस्तुसंग्रहालयात? हा प्रश्न जगभर विचारला गेला तो मुख्यतः पुतळ्यांबद्दल, आणि पुतळ्यांपुरतं त्याचं उत्तर मुंबईने साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. फोर्टमधल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकरांनी डांबर फासलं होतं, गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. तो पुतळा आणि सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेण्यात आले. शहराचं काही बिघडलं नाही. एडवर्ड गेला तरी चौक ‘काळा घोडा’च राहिला, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक घोडा उभा केला, या खेपेला स्वाराशिवाय. परक्या राजाचं काय करावं याचं याहून मुंबईकर उत्तर मला माहीत नाही.

पुतळा हलवता येतो, कारण पुतळा चौकात उभा करणं हाच मुळी एक निर्णय असतो. कोणीतरी ठरवलेलं असतं की येणाऱ्या-जाणाऱ्याने या माणसाकडे मान वर करून पाहावं. पुढच्या पिढीला ते मान्य नसेल तर तिने निर्णय फिरवावा. फक्त तो दिवसाढवळ्या, ठराव करून फिरवावा. पुण्यात आपण हे दोन्ही वेळा चुकवलं. २०१० च्या डिसेंबरात लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने हलवला तो रातोरात. जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा ‘राजसंन्यास’ नाटकाचा राग मनात धरून उखडला आणि मुठेत फेकला. इंग्लंडात ब्रिस्टलकरांनीही २०२० मध्ये गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याचा पुतळा असाच बंदरात ढकलला. पण पुढे तो पाण्यातून काढून, त्यावर फासलेल्या रंगासकट, संग्रहालयात आडवा ठेवला. पुतळा, त्याच्यावरचा राग आणि त्या रागाची तारीख असं तिन्ही तिथे एकत्र पाहता येतं.

कबरीचं तसं नाही. पुतळ्यात माणूस नसतो. कबरीत असतो. संग्रहालयात काय नेणार? माती? सबजा? खुलताबादची कबर तिथून उचलली तर उरतील ती काही हाडं, आणि त्यांना कुठेतरी पुरावंच लागेल.

कबर हलवल्याची उदाहरणं जगात नाहीत असं नाही. स्पेनने हुकूमशहा फ्रँको याला २०१९ मध्ये त्याच्या भव्य स्मारकातून बाहेर काढलं. त्यासाठी सरकारने आधीच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती केली, नातेवाईक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि मग २४ ऑक्टोबरला शवपेटी हेलिकॉप्टरने हलवली. आपल्याकडे या उदाहरणाचा दाखला द्यायचा तर त्याचा दुसरा अर्धाही सांगावा लागेल. फ्रँकोला नेलं कुठे? त्याची बायको जिथे पुरली होती त्या साध्या कब्रस्तानात. यादवी युद्धात मेलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांच्या अस्थींमध्ये सरकारी खर्चाने मिरवणाऱ्या थडग्यातून त्याला बाहेर काढून सामान्य माणसाच्या जागी ठेवणं हा त्यांचा उद्देश होता. औरंगजेब १७०७ पासून अशाच जागी आहे. जर्मनीत नाझी नेता रुडॉल्फ हेस याची कबर २०११ मध्ये काढून टाकली, कारण दरवर्षी तिथे नवनाझींचे मेळावे भरू लागले होते. ही कसोटी मला पटते. कबर हे शक्तिप्रदर्शनाचं ठाणं बनलं तर सरकारने हात घालावा. खुलताबादला तसं काही होत नाही. मे २०२२ मध्ये एमआयएमचे नेते अकबरुद्दीन ओवैसी तिथे जाऊन आल्यावर वाद पेटला, तेव्हा पुरातत्त्व खात्याने पाच दिवस कबर बंद ठेवली आणि प्रकरण निवळलं. एखादा नेता मुद्दाम डिवचायला गेला तर त्या नेत्याचा बंदोबस्त करावा. कबरीने काय केलं?

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण ‘कायद्याने काढू’ असं म्हणणाऱ्यांना रस्ता माहीत असायला हवा. ही कबर राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहे. तिची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एखादं स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं उरलं नाही असं केंद्र सरकारला वाटलं, तर कलम ३५ खाली अधिसूचना काढून ते यादीतून वगळता येतं. २०२४ मध्ये अशी १८ स्मारकं वगळण्याचं ठरलं. पण कारण होतं ती शोधूनही सापडत नव्हती हे. औरंगजेबाची कबर सापडत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. आणि वगळली तरी सरकारचं संरक्षण जाईल, दर्गा जाणार नाही. कब्रस्तानाची विटंबना हा फौजदारी कायद्यात वेगळा गुन्हा आहेच.

या आवारापासून थोडं फिरलं की खुलताबादचा खरा पसारा कळतो. खडकी, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा, मुघलांना आयुष्यभर झुंजवणारा मलिक अंबर इथे आहे. हैदराबादच्या गादीचा मूळ पुरुष, पहिला निजाम, इथे आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह इथे आहे. औरंगजेबाने त्याचं राज्य बुडवून त्याला दौलताबादच्या किल्ल्यात मरेपर्यंत कैदेत ठेवलं होतं. कैदी आणि कैद करणारा एकाच गावच्या मातीत. याच गावात निद्रिस्त भद्रा मारुतीचं देऊळ आहे, हनुमान जयंतीला तिथे रांगा लागतात. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटल्यावर या कबरीपाशी जाऊन आले, असं इतिहासलेखक सांगतात. ज्याने वडिलांना हालहाल करून मारलं त्याच्याच छावणीत हा मुलगा वाढला होता. त्यांच्या मनात तेव्हा काय असेल, ते आजच्या घोषणांच्या मापात बसवू नये.

मग शिवरायांचा दाखला येतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. संघाचे ज्येष्ठ नेते भैय्याजी जोशी यांनीही मार्च २०२५ च्या अखेरीस याच कबरीची आठवण करून दिली आणि औरंगजेबाच्या कबरीचा विषय विनाकारण काढला गेल्याचं म्हटलं. प्रतापगडाला १० नोव्हेंबर २०२२ रोजी, खानाचा वध झाला त्याच तारखेला, प्रशासनाने जे पाडलं ते कबरीभोवती वनजमिनीवर वाढलेलं बेकायदा बांधकाम. कबरीला हात लावला नाही. भोवतीचा अवास्तव पसारा हटवावा आणि मूळ कबर राहू द्यावी, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवलं आहे आणि ते बरोबर होतं.

त्याच न्यायाने निजामाची जाळी काढावी का? जगातले स्मारक-जतन करणारे १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आधार घेऊन सांगतील की प्रत्येक काळाने घातलेली भर हाही पुरावा असतो. मला तो युक्तिवाद पटतो, पण जाळीबद्दल मी हटून बसणार नाही. उद्या ती उतरवून शहरातल्या सोनेरी महालाच्या संग्रहालयात ठेवली, शेजारी कर्झन, निजाम आणि १९२१ ची हकीकत लिहिली, तर बिघडणार नाही. या सगळ्या प्रकरणात संग्रहालयात नेण्याजोगी वस्तू असेल तर ती एवढीच. संग्रहालयं असा भार पेलतात. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात औरंगजेबाच्या हातचं म्हणून दाखवलं जाणारं कुराण आहे. महाराजांच्या नावाच्या छताखाली ते काचेआड पडून आहे आणि त्यावरून दंगल झाल्याचं ऐकिवात नाही.

खुलताबादला खरी उणीव फलकाची आहे. आपल्याकडच्या संरक्षित स्मारकांवरची निळी पाटी बहुधा शिक्षेचं कलम सांगते, इतिहास सांगत नाही. मग माहिती कोण देणार? कबरीपाशी उभा असलेला माणूस टोप्यांची कथा सांगतो. ती कथा ऐकून बाहेर पडणाऱ्याला हा एक साधासुधा म्हातारा फकीर होता असं वाटलं, तर दोष कथेचा नाही, दुसरी बाजू न लिहिणाऱ्यांचा आहे. आणि ‘आम्ही गाडलं’ एवढंच लिहिणाराही अर्धंच लिहील. त्याला रणांगणात कोणी मारलं नाही, तो म्हातारपणाने मेला. मराठ्यांनी त्याला हरवलं ते त्याला परत जाऊ न देऊन, त्याचा खजिना, फौज आणि पंचवीस वर्षं इथे जिरवून. ते जास्त मोठं यश आहे आणि ते सांगायला चार ओळी जास्त लागतात.

त्या फलकावर माझ्या मते हे यावं. १६६९ मध्ये काशीचं विश्वनाथ मंदिर आणि पुढच्या वर्षी मथुरेचं केशवदेवाचं मंदिर त्याच्या हुकमाने पाडलं गेलं. १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. समाधी वढू बुद्रुकला आहे. त्यानंतर राजाराम महाराज आणि ताराबाईंनी लढा चालू ठेवला आणि १७०७ मध्ये बादशहा इथे पुरला गेला. जाळी १९२१ ची. मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषांत मजकूर तोच, एका भाषेत सौम्य आणि दुसरीत कडक असा नव्हे.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही की दिल्लीहून अधिसूचना आणावी लागत नाही. पुरातत्त्व खात्याच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाने दोन-तीन इतिहास अभ्यासकांना बसवलं तर मजकूर होईल. त्यावर वाद होईल हे उघड आहे. ‘हत्या’ म्हणायचं की ‘वध’, मंदिरांच्या यादीत किती नावं घ्यायची, मंदिरांना आणि मठांना त्याने दिलेल्या इनामांचा उल्लेख करायचा की नाही. शेवटच्या प्रश्नावर माझं मत करावा असं आहे, आणि ते अनेकांना आवडणार नाही. पाटी लावली की ती कुणीतरी फोडेल, कदाचित दोन्हीकडचे आळीपाळीने फोडतील. पत्र्याची पाटी आहे, दुसरी करून लावता येते.